न फोडलेला नमुना

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, सुताराची एकुलती एक लेक, आज शनिवारी दुपारी चहा पिऊन, पूर्ण शुद्धीत, कोणीही भरीस न घालता हे लिहून ठेवते. प्रकृती ठणठणीत आहे. उद्या सकाळी मी आम्ही घरी बांधलेल्या विमानातून पहिले उड्डाण करणार आहे, एवढेच कारण. आधीचे मृत्युपत्र नाही. मागे ठेवण्यासारखे काही नव्हतेच.

१. विमान बाबांना. सहा वर्षे ते आमच्या कारखान्यात छताखाली टांगून वाढले. सांगाडा लाकडाचा, नाकावर काचतंतूचे कवच, पंखाच्या कण्याला वर-खाली चिकटवलेल्या कार्बनच्या पट्ट्या. पंखावर कापड चढल्यावर उन्हे त्यातून गाळून यायची आणि आतल्या फासळ्या पानाच्या शिरांसारख्या दिसायच्या. मी खाली भुश्यावर पडून बघत राहायची आणि आपण जमिनीवर आहोत हे विसरायची. लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगते, कोरड्या दिवसांत आक्रसते. कार्बन ढिम्म हलत नाही. आत्या म्हणते, "दोघांना एका घरात नांदवायचं, म्हणजे मध्ये चिकटवणाराच खमक्या हवा."

२. बँकेतली शिल्लक आत्याला. आई गेल्यावर तिने मला वाढवले. तिने मोतीबिंदू काढून घ्यावा. "मला सगळं दिसतं" हे तिचे म्हणणे ग्राह्य धरू नये.

३. पदवीचे प्रमाणपत्र आहे तिथेच, कारखान्याच्या दारावर राहावे. घरात पदवीधर मी पहिली. बाबांनी चौकट सागवानी केली; कागदापेक्षा चौकट भारी आहे, हे मला उशिरा कळले.

४. दहाव्या वर्षी बाबांनी दिलेला छोटा रंधा बाबांना परत. तो मी वेळेवर वापरला नाही. कारण कलम सहामध्ये.

५. माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लांब फळी आहे. "कशाला ठेवलीय?" विचारले तर बाबा म्हणतात, "असू दे." ती माझी नाही, म्हणून कोणाला देत नाही.

६. उद्या काही झाले तर बाबांच्या जोडाला कोणी बोल लावू नये. ज्या दिवशी जोड चिकटवायचा, त्याच दिवशी, त्याच गोंदाचा छोटा नमुना करायचा आणि वाळल्यावर हातोड्याने फोडायचा, ही आमची रीत. लाकूड फाटले तर जोड पक्का. गोंदातून सुटला तर काम पुन्हा. चाळीस नमुने बाबांनी फोडले, चाळीसही वेळा लाकूड फाटले.

एक्केचाळिसावा उजव्या पंखाचा. चिकटवण्याआधी कार्बन घासून खरबरीत करतात, तसेच मी लाकूडही घासले. बाबा म्हणाले, "पोरी, लाकूड घासायचं नाही, रंध्यानं तासायचं. भुकटी लाकडाच्या तोंडात बसते, गोंद प्यायचा कसा त्यानं?"

मी म्हणाले, "बाबा, तुमचं शिक्षण किती?"

ते हात पुसून बाहेर गेले. आठवड्याने त्यांनी विचारले, "नमुना फोडलास?" मी म्हणाले, "हो. लाकूड फाटलं."

मी फोडला नव्हता. तो खिळ्यांच्या डब्यात आहे. तेव्हापासून स्वप्नात मी उडते तेव्हा डावीकडेच बघते.

शेजारी बसलेल्या शिंपीणकाकू, ज्यांनी पंखांचे कापड शिवले, खांद्यावरून वाचत आहेत. म्हणतात, "अगं, हे मेल्यावर सांगणारेस होय? बाप बाहेरच बसलाय की!"

खरे आहे. हा नमुना मी वारशात ठेवू शकत नाही. लेखणी ठेवून बाबांना बोलावते.

पुरवणी, त्याच दिवशी, सायंकाळी पाच. बाबांनी कलम सहा दोनदा वाचले. नमुना शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळला आणि एकच घाव घातला. कार्बनची पट्टी वहीचे पान सुटावे तशी अलगद सुटली. खाली लाकूड गुळगुळीत, जरासुद्धा न फाटलेले. पट्टीवर पिठासारखी भुकटी.

उद्याचे उड्डाण रद्द.

"तू फाटलं म्हणालीस, मी मानलं," बाबा म्हणाले. मग शिडी लावून त्यांनी फळी खाली उतरवली आणि चादर सोडली. फळीवर पेन्सिलीने उजव्या पंखाच्या कण्याची सगळी मापे आखलेली होती. कोपऱ्यात तारीख होती, आमच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची.

कलम चार रद्द. रंधा मला लागणार आहे.

बाकी मजकूर कायम.

साक्षीदार: शिंपीणकाकू (सही), इंजिन बसवून देणारे काका (सही, "उद्या झोपून राहा" या शेऱ्यासह). बाबांना वाटा असल्याने त्यांची सही चालत नाही. ते फळी तासत आहेत.

लिहून देणार: लेक (सही)
ठिकाण: कारखाना, उजव्या पंखाखाली
तारीख: ९ फेब्रुवारी