एअरपोर्ट-टच लक्झरी

२७ एप्रिल २००३, डिंगोरे
मस्कतहून प्रज्ञाचा फोन. पोरीला दोन वर्षांनी रजा मिळाली. बुद्धपौर्णिमेला घरात असणार! हॉस्पिटलात नर्सला रजा मिळणं किती अवघड, हे आमच्या ऑफिसात कुणाला कळायचं नाही. तिथं सगळे रजेवरच असतात.
निश्चय: आणायला मी जाणार. लक्झरीनं. एअरपोर्टचा रस्ता या घरात फक्त मला ठाऊक.

२९ एप्रिल
चिरंजीव कपिल (चाकणला कंपनीत) मित्राची सुमो आणतो म्हणाला. मी म्हटलं, फाट्यावरून थेट लक्झरी मिळते, तीही स्वस्तात, मग सुमो कशाला? मागच्या वेळी प्रज्ञाला मीच लक्झरीनं पोचवलं. काउंटर बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी पोचलो होतो. आधी म्हणजे आधी.
अंजना म्हणाली, "लई झालं तुमचं लक्झरीचं कौतुक. आमी सुमोनंच जाणार, तुमी काय त्ये बगा." सव्वीस वर्षं संसार करून बायको विरोधी पक्षात.

४ मे
फाट्यावर कुशाबाकडे बुकिंग. हा पंक्चरही काढतो आणि लक्झरीची तिकिटंही. म्हणाला, "बिनघोर जावा भाऊ. गाडी एअरपोर्ट टच हाय. एसी, व्हिडिओ, पुशबॅक, समदं हाय." परतीच्या दोन सीटा सांगून ठेवल्या. खिडकी प्रज्ञाला.

७ मे
कपिल चक्क नरमला! आपणहून म्हणाला, दादा, तुम्ही लक्झरीनं या, विमान रविवारी दुपारी तीनला उतरतंय, आपण तिथंच भेटू. टाइम माझ्या डायरीत स्वतःच्या हातानं लिहून दिला. पोरगा सुधारतोय. शेवटी रक्त कुणाचं.

१० मे
अंजना कल्याणला बहिणीकडे गेली. कपिल तिला तिथून घेणार म्हणे. मी हार आणून ओल्या फडक्यात ठेवला. पोरीच्या गळ्यात पहिला हार बापाचा पडणार.

११ मे, सकाळी ८.१०, फाटा
सातची लक्झरी अजून नाही. म्हणजे वाटेत असणार.

दुपारी २.४०, एअरपोर्ट
पोचलो! वीस मिनिटं आधी! एसी म्हणजे एक फुटकी काच. पुशबॅक मागं गेला तो पुढं आलाच नाही. कल्याणपर्यंत मागच्या माणसाच्या मांडीवर होतो. गाडी हायवेला टच करून निघून गेली. तिथलं एअरपोर्ट देशातल्या देशातलं निघालं. मागच्या वेळीही तेच निघालं होतं, त्यामुळे पुढचा रस्ता पाठ. एकूण प्रवास यशस्वी.
माळशेज घाटात समोरून एक सुमो गेली. आतली बाई थेट अंजनासारखी. बाहेर पडलं की आपली माणसं आठवतात.
कपिल आणि अंजना अजून आलेले नाहीत. सुमोवाले!

संध्याकाळी ५.१५
बोर्डावर मस्कतचं विमान नाही. हार सुकला. घरी कुणी नाही हे माहीत असूनही पीसीओवरून फोन लावला. प्रज्ञानं उचलला.
विमान पहाटे पाचला उतरलं होतं. म्हणाली, दादा, जेवलात का?

१२ मे
परतलो. ड्रायव्हरशेजारी, तापलेल्या बोनेटवर बसून. आमच्या दोन्ही सीटा कुशाबानं आणखी कुणाला तरी विकल्या होत्या. कपिलशी बोलणं बंद. पोटच्या पोरानं गद्दारी केली. प्रज्ञानं आणलेले खजूर खाल्ले नाहीत (दोनच खाल्ले).

१४ मे
कपिलला समोर बसवलं. विचारलं, खोटा टाइम का दिलास? प्रज्ञा म्हणाली, त्याला बोलू नका, मीच फोनवर सांगितलं होतं. मागच्या वेळी ती डोक्यावर बॅग घेऊन माझ्यामागे पळत होती. विमान चुकलं तर नोकरी गेली, एवढंच डोक्यात. मस्कत येईपर्यंत रडत होती म्हणे. मी दोन वर्षं गावभर सांगत होतो की पोरगी बापासाठी रडली.
फार लागलं. बायकोचं आणि कपिलचं काही नाही, ते आधीपासून तिकडचेच. ही माझ्या बाजूची होती.

३१ मे
उद्या प्रज्ञा परत निघणार. निश्चय: पोचवायला सुमोनं जायचं. पण आपण होऊन म्हणायचं नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा बघू म्हणायचं, तिसऱ्यांदा बसायचं. माणसाला काही मान असतो.

१ जून, सकाळी ८.३०
पाचला उठून दाढी केली. नवा शर्ट घातला. सगळे सुमोत बसले, अंजनाशेजारी एक जागा मोकळी होती. प्रज्ञा खाली उतरली. म्हणाली, दादा, चला ना. मी म्हणालो, नको, आपण लक्झरीवाले. ती म्हणाली, बरं दादा, तुमच्या मनाविरुद्ध मी आता काही करणार नाही. डोळे पुसले, जयभीम केला आणि आत बसली.
आमच्या अंगणातून फाट्यापर्यंतचा रस्ता दिसतो. सुमो फाट्यावर थांबली. मी चपला घालून तयार. एसटी आडवी होती, ती गेल्यावर सुमोही गेली.
शर्ट काढून ठेवला. आज रविवार, ऑफिसही नाही.