आईच्या मशीनचं शटल

अण्णा,

आईची मशीन पुन्हा फिरायला लागली. मी नाही फिरवली, तुमच्या नातीनं फिरवली. भाऊची धाकटी. कॉलेजसाठी परभणीला माझ्याजवळ राहायला आली, ती कॉलेज संपलं तरी इथंच आहे, आणि पुस्तकं बाजूला सारून माझ्या शेजारी पाटावर बसून मशिनी खोलायला शिकली. मागच्या महिन्यात तिनं कोपऱ्यातली ती जड काळी मशीन ओढून काढली, वरचं गोणपाट झाडलं आणि म्हणाली, "आत्या, ही तर लय जुनी हाय. असल्या मशिनी लोक आता बैठकीत शोभेला ठेवायलेत. मी हिला चालू करते." रॉकेल सोडलं, सांधा न् सांधा मोकळा केला, तेल पाजलं, जुन्या ब्रशानं कोपरेकापरे काढले. आता चाकाला नुसता हात लावला तरी ते कुरकुर न करता फिरतं. सुई खाली जाते, वर येते. फक्त शिवत नाही. का शिवत नाही ते तुम्हाला माहीत आहे.

खोली तीच आहे. रस्त्याच्या अंगाची, एका खिडकीची, भिंतीतल्या फळ्यांवर उघड्या पडलेल्या मशिनी आणि सगळ्या घरात रॉकेलचा वास. तुमच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला, कडेकडेनं अंधार येत मधोमध एवढासा उजेड उरला, तेव्हा ज्यांच्या हाताखाली तुम्ही हे काम शिकलात त्या उस्तादांच्या दुकानातलं काम तुम्ही घरी आणलंत. त्याआधी तुम्ही खांद्याला पिशवी लावून कधी पिंगळीला, कधी पार वालूरला, जिथं मशीन बिघडली तिथं जात होतात. घरी बसणं तुमच्या जिवावर आलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. भाऊला सेलूला शाळेत नोकरी लागली, त्याला कुणी थांबवलं नाही. राहिले मी, मॅट्रिक होऊन घरात बसलेली. तुम्ही मला पाटावर बसवलंत आणि म्हणालात, "डोळे तुजे, कान माजे. आपन दोगं मिळून एक कारागीर." मला लय अभिमान वाटला होता, अण्णा. खोटं कशाला सांगू.

काम करायची आपली रीत अजून तशीच डोळ्यांसमोर आहे. तुम्ही मशीनच्या अंगाला कान लावून बसला आहात, मी चाक फिरवते आहे. मग तुम्ही बोट वर करता. "थांब. उलटं घे जरा. हां, तितं खरडायलंय बघ." मी वाकून बघते, पेचकस लावते, तुम्ही पुन्हा कान लावता. एकदा, मी नवीन होते तेव्हा, एका शिंपीणबाईची मशीन चकाचक करून द्यायची म्हणून राखेनं घासली आणि तिच्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी सगळी पुसून टाकली. तुम्हाला दिसलं नाही, पण तुम्ही हात फिरवलात आणि बोटांना कळलं. "नवी करायची नसती बाई. चालू करायची असती. जुनंपन काडून घेतलंस तिचं," असं म्हणून तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. संध्याकाळी मात्र माझा उजवा हात हातात घेऊन तळव्याचं माप बघितलंत, आणि आठवड्यानं बाभळीच्या मुठीचा पेचकस माझ्यापुढं ठेवलात, माझ्या मुठीत बरोबर बसणारा. लोकांचे बाप मुलीच्या हाताचं माप बांगडीसाठी घेतात, तुम्ही पेचकसासाठी घेतलंत, असं मी शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. ती हसली नाही. मला तेव्हा ते कळलं नाही.

मग औरंगाबादचा तो वर्ग निघाला. बायकांना शिवणकाम शिक्षिकेचं शिक्षण देणारा, राहायची सोय तिथंच, पुढं शाळेत नोकरीची आशा. माझी निवड झाली. अट एवढीच होती की मशीन जिची तिनं आणायची. आपल्या घरात मशिनींचा ढीग, पण सगळ्या लोकांच्या. आपली म्हणावी अशी एकच, आईची. नवी घ्यायचा विषय आपल्या घरात निघण्यातला नव्हता. तुम्ही लगेच म्हणालात, "आईची घिऊन जा. मी चालू करून देतो." मी इतकी हरखले की त्याच दिवशी ट्रंक घासून ठेवली. आपण दोघांनी मशीन उघडली, तर तिच्या पोटातलं शटल जागेवर नाही. बाकीच्या मशिनींत गोल डबी असते, आईच्या मशीनमध्ये होडीच्या आकाराचं, बोटभर लांब शटल, आत बॉबिन घेऊन मागंपुढं धावणारं. ते नसलं की खालचा दोरा नाही, आणि खालचा दोरा नसला की सुई नुसती कापडाला भोकं पाडत राहते. "तुज्या आईच्या दुखन्यात कुनी हलवलं काय की," तुम्ही म्हणालात. "काळजी करू नको. हैद्राबादला उस्तादाच्या भावाचं दुकान हाय, तितं ह्याच जातीचं भेटतं. निरोप धाडतो. सबूर कर."

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीचं साल. ठराव झाला आणि त्या पावसाळ्यात मराठवाडा पेटला, गाड्या बंद पडल्या, वर्ग पुढं ढकलला गेला. तुम्ही रोज म्हणायचात, "वातावरन खराब हाय. पोरीच्या जातीनं बाहेर पडायचं न्हाई." पुढं गाड्या सुरू झाल्या, वर्ग सुरू झाला, माझ्याबरोबर निवडलेल्या बायका गेल्यासुद्धा, आणि आपल्या घरात मात्र वातावरण खराबच राहिलं. ज्यांच्यासाठी ते खरोखर खराब होतं ती माणसं वेगळी होती. आपल्या दारात कुणी चढा आवाजही काढला नव्हता.

त्यातलीच एक बाई मला आठवते. एका खेड्यातून आली होती, गोणपाटात गुंडाळलेली मशीन डोक्यावर घेऊन. लाकडी पाट जळून गेलेला, वरचा रंग फोडासारखा फुगलेला. "इस्तवात व्हती, बापा," ती म्हणाली. "घरातलं येवढंच राह्यलं. हिच्यावरच पोट हाय माजं." तुम्ही मशीनच्या फुगलेल्या रंगावरून हात फिरवलात. मग आपण बाकी सगळी कामं बाजूला ठेवून तीच घेतली. ती रोज येऊन उंबऱ्याशी बसायची. काम झाल्यावर तुम्ही नेहमीच्या सवयीनं विचारलंत, "घरचं कापड आनलंय का, माय?" कारण तुमचा नियमच तसा. ज्या घरची मशीन त्याच घरच्या कापडावर पहिली शिवण घालायची, नखानं ती तपासायची, मगच मशीन हातात द्यायची. ती म्हणाली, "घरच न्हाई राह्यलं, तर घरचं कापड कुठून आनू?" तुमची मान खाली गेली. तुम्ही खांद्यावरचा पंचा काढून माझ्यापुढं धरलात. मी त्याच्यावर एक लांब शिवण घातली, तुम्ही नख फिरवलंत, "चाल चांगली हाय," म्हणालात. ती पंच्यावरची शिवण तो विरेपर्यंत तुमच्या खांद्यावर होती. मी तिला विचारलं, आता कुठं जाणार? "भावाकडं. तितं न्हाई जमलं तर फुडं." आणि मशीन डोक्यावर घेऊन ती निघाली. मी खिडकीचे गज धरून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. तिच्याजवळ काहीच उरलं नव्हतं आणि मला तिचा हेवा वाटला. असलं वाटून घेणं बरं नव्हे, पण वाटलं.

दुसऱ्या वर्षी वर्गाचं बोलावणं पुन्हा आलं. शटल आलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी मी स्वतः हैद्राबादला जाते म्हणाले, तर तुम्ही जेवत्या ताटावरून उठलात. "आंधळ्या बापाला टाकून जातीस व्हय?" मग मी तो विषय काढला नाही आणि बोलावणंही यायचं थांबलं. स्थळं यायची, तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. फक्त पाहुण्यांदेखत मला हाक मारायचात, "बाई, इकडं ये गं, सुईचं बघ जरा," आणि पाहुण्यांना जे कळायचं ते कळायचं. दर खंडेनवमीला सगळी हत्यारं मांडून पूजा व्हायची, आईच्या मशीनला झेंडूचा हार पडायचा, तुम्ही तिच्यावर हात ठेवून म्हणायचात, "फुडच्या नवमीला चालू असंल बघ." खिडकीतून उजेड घ्यायचा म्हणून मी दाराकडं पाठ करून बसायची. आगगाडीची शिट्टी ऐकू यायची. सुरुवातीला मी मान वळवायची, मग वळवेनाशी झाले. तुम्ही मला कोंडलं होतं असं कुणालाही दिसलं नसतं. कडी कधी लावलेलीच नव्हती.

तुम्ही गेलात तेव्हा विद्यापीठाच्या नावाचा निकाल अजून लागला नव्हता. तिसऱ्या दिवशी मी तुमची पानाची चंची आवरायला घेतली. सुपारी, कात, चुन्याची डबी, आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात पिवळ्या चिंधीत गुंडाळलेलं आईच्या मशीनचं शटल. त्याच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. ते तेलानं लकाकत होतं. एवढ्या वर्षांत तुम्ही त्याला नेमानं तेल लावत होतात, आणि तेलाची कुपी तुमच्या हातात मीच देत होते. मी मोठ्यानं रडायला लागले. घरात बायका बसलेल्या होत्या, त्यांनी मला पोटाशी धरलं, बाप गेला, पोर एकटी पडली म्हणून त्याही रडल्या. मी तुमच्यासाठी रडत नव्हते, अण्णा. मी त्या घासून ठेवलेल्या ट्रंकेसाठी रडत होते. तुमचा राग तेव्हा आला तो अजून येतो. तुम्ही नुसतं "जाऊ नको, मला भीती वाटते," असं म्हणाला असतात तर मी कदाचित राहिलेच असते. पण ते माझं राहणं झालं असतं.

त्यानंतर जायला कुणाची आडकाठी नव्हती. पण कुठं जायचं? लोक मशिनी आणत राहिले, मी उघडत राहिले. शटल मी मशीनमध्ये बसवलं नाही. पुन्हा चंचीत ठेवलं आणि चंची कमरेला खोचली. मी पान खात नाही, तरी चंची सुटली नाही.

आता माझ्या डोळ्यांची तीच रड आहे. मोतीबिंदू काढला, लांबचं दिसतं, पण चष्मा लावूनही सुईचं नेढं सापडत नाही. दोरा ओवायला, आतला बारीक पेच बघायला तुमची नात लागते. एक दिवस काम करता करता माझ्या तोंडून निघून गेलं, "डोळे तुझे, कान माझे." तिला ते इतकं आवडलं की तिनं ते मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती मैत्रीण पुण्यात असते. दोघी मिळून तिथं जुन्या मशिनी दुरुस्त करायचं दुकान काढणार आहेत, जागाही बघितली आहे. "आजीची मशीन मी घिऊन जाते आत्या, तिच्यावरच सुरुवात करते," असं म्हणाली. भाऊची ना नाही. मी "जा की," म्हणाले, अगदी तुमच्यासारखी, लगेच. शटलासाठी तिनं मोबाइलवर सगळीकडं शोधलं, कुठून लांबून एक मागवलं, ते केसभर जाड निघालं आणि अडकून बसलं.

आज दुपारी ती हातातलं तेल पुसत माझ्यासमोर येऊन बसली. "आत्या, पुढच्या आठवड्यात निघायचंय मला. त्या जातीचं शटल कुठं भेटंल का गं?" मी म्हणाले, "हैद्राबादला एकाला सांगितलंय. येईल. सबूर कर."

"हौ," ती म्हणाली. उठली, मशीनवर गोणपाट टाकलं आणि मैत्रिणीला फोन लावला, जरा दिवस लागतील म्हणून.

हा कागद कुठं धाडायचा, आणि धाडून तुम्हाला कोण वाचून दाखवणार? तुमचं वाचायचं काम तर माझ्याकडंच होतं. चुलीत घालीन, म्हणजे तिच्या हाती लागायचा नाही. एवढंच सांगायचं होतं की "सबूर कर" म्हणाले तेव्हा तिचा चेहरा उतरला. माझा उतरलेला चेहरा तुम्हाला कधी दिसला नाही, अण्णा. मला तिचा दिसला. तरी चंचीला मी हात लावला नाही.