कमळेला न सांगितलेली चटणी

मी, गिरजाबाई इस्तारी शेंडे, वय अडुसष्ट, धंदा तलावातली मासळी व सुक्या झिंग्याची चटणी, राहणार मौजा नवेगाव, तालुका पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र करते. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत आहे. तो नसता तरी डोकं शाबूतच आहे.

१. राहतं घर मुलगा अमर व सून साधना यांना निम्मंनिम्म. कागदावर साधनाचं नाव आधी लिहावं.

२. डोंगा व जाळी अमरला. बाबा, जाळी वाळवायला तरी शिक आता.

३. नागपूरच्या ज्या कंपनीसाठी मी चटणी करते, तिची चटणी महिनोनमहिने टिकवायची रीत कुणालाही सांगायची नाही, काम सोडल्यावरही तीन वर्षं नाही, असा गोपनीयतेचा करार मी केला आहे. सहीआधी वकिलाकडून कलम न् कलम समजून घेतलं आणि एक वाक्य वाढवून घेतलं: करारापूर्वी मला जे येत होतं, ते माझंच. कंपनीचे नमुने व कागद साधनाने परत करून पोच घ्यावी. ती रीत या मृत्युपत्रातही लिहिलेली नाही, शोधू नये.

४. व्यापारी हेमराज याने त्या रीतीसाठी अमरला मोटारसायकल देऊ केली होती. त्याला मयतीला येऊ द्यावं, चुलीपाशी जाऊ देऊ नये.

५. धाकटी बहीण कमळा. आमच्यात जेवणाऱ्याने "काय टाकलं?" विचारलं की सांगायचं असतं, लपवलं तर त्याचा अपमान होतो. नातीच्या बारशाला माझी चटणी खाऊन कमळेने भर पंगतीत विचारलं,

"बाई, दोन महिन्याची म्हन्ते, अन् वास कसा नाई व?"

"नाई सांगता येत. सही केली आहे मी."

"एका मायच्या लेकी आपन, अन् मले सही दाखवते काय?"

ती ताटावरून उठली. तेव्हापासून बोलत नाही. मला ते रोज लागतं. पण सही केली ती केली. उद्या पुन्हा विचारलं तरी हेच उत्तर देईन.

मायचं भाजायचं खापर कमळेला. त्यावर झिंगा भाजून, जवस आणि लाल मिरची घालून माय करायची ती चटणी करारापूर्वीची आहे, आम्हा दोघींची आहे. माझ्या तेरवीनंतर घरात पहिल्यांदा मासळी शिजेल, तेव्हा ती चटणी कमळेनेच करावी. चार दिवसांत खराब होईल, होऊ दे. "काय टाकलं?" असं कुणी विचारलं, तर तिने सगळं सांगावं, माझ्याही वाटणीचं.

सही: गिरजाबाई इस्तारी शेंडे

आमच्यासमक्ष सही झाली. साक्षीदार: लच्छू भोयर, दिव्यानी मेश्राम (दोघांनाही यातलं काही मिळत नाही, ते जेवण सोडून)

पोंभुर्णा, १८ फेब्रुवारी २०२५