मधल्या जेटीवर आई

स्लाऊ,
१३ ऑक्टोबर २०२५

चि. यतीनस अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत. बाबांचा नियम होता की भावाबहिणीचं भांडण फोनवर नाही, कागदावर करायचं, म्हणजे लिहिता लिहिता निम्मं थंड होतं. माझं झालेलं नाही.

शनिवारी आईचा एकोणऐंशीवा वाढदिवस होता. तू आणि आई ग्लासगोत, मी स्लाऊत, म्हणून मधलं ठिकाण बघून लेक डिस्ट्रिक्ट ठरवलं. ऑगस्टमध्ये ती स्वयंपाकघरात पडली तेव्हापासून तिने एकटं राहू नये यावर आपलं एकमत आहे, तेवढ्या एकाच गोष्टीवर. शंभर वर्षांची वाफेची बोट, काठाला तांबूस झालेली झाडं, आणि तीन तासांत तिने कुणाकडे राहायचं ते ठरवायचं, एवढाच बेत होता. तेवढंही तुझ्याने झालं नाही.

वाटणी तुझ्याच मेसेजने ठरली होती. मधल्या जेटीपर्यंत आई माझ्याजवळ वरच्या डेकवर, तिथून पुढे तुझ्याजवळ खाली. जेटी आली तशी मी तिला जिन्यापाशी उभी केली, तुला मेसेज टाकला आणि पुढच्या टोकाला जाऊन बसले. तू वर येऊन तिला न्यायचं होतंस. तू आला नाहीस, बोट सुटली आणि आई जेटीवर राहिली. पलीकडे उतरल्यावर तू मला विचारतोस की आई कुठे आहे. टॅक्सी मिळवून तिच्यापर्यंत पोचायला दीड तास गेला.

दिवाळीनंतर मी तिला इकडे आणणार. खालची खोली रंगवून झाली आहे, कौन्सिलने बाथरूममध्ये धरायला दांडेही बसवून दिलेत. भाऊबीजेला इकडे फिरकू नकोस.

लोभ होता, त्याचं काय केलंस ते तुझं तूच बघ.

वरदाताई


ग्लासगो,
१६ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. त्या डोंगरांत सिग्नल नसतो हे तुला बोटीत चढायच्या आधीच मी सांगितलं होतं. तुझा मेसेज मला संध्याकाळी घरी परतताना एम-सिक्स हायवेवर मिळाला. जो माणूस ज्याच्या ताब्यात, त्यानेच तो पोचवायचा, हे लहान मुलालाही कळतं. अकरा पायऱ्या उतरून तिला माझ्याजवळ आणली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं? पण मग माझ्याशी दोन शब्द बोलावे लागले असते. त्यापेक्षा आईला पार्सलसारखी जिन्याशी ठेवून जाणं तुला सोपं वाटलं.

बारा वर्षं तिच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट मी सांभाळतो. तिच्या घराचा बॉयलर बंद पडला की मी जातो, तुझी भावजय स्वराली तिला आठवड्याची भाजी आणून देते. तू ख्रिसमसला चॉकलेटचा डबा घेऊन येतेस आणि जाताना आम्हाला शहाणपण शिकवून जातेस. आई कुठेही जाणार नाही. ती माझ्या घरी येईल, हे मी तिच्या डॉक्टरांना, जीपीलाही कळवलं आहे.

तुझं पत्र मी आईला वाचायला दिलं. तिच्या मुलीची भाषा तिलाही कळू दे.

लोभ राखण्यासारखं तू काही ठेवलेलं नाहीस, म्हणून तेवढं मागत नाही.

यतीन


स्लाऊ,
१९ ऑक्टोबर २०२५

यतीनस,

आज आशीर्वादही नाहीत. तुझं पत्रही मी आईला पाठवलं आहे, आणि सोबत या पत्राचीही प्रत. आईला तू "ताब्यातली" म्हणतोस ते तिने तुझ्याच अक्षरात वाचावं. बॉयलर दुरुस्त केला म्हणून आई नावावर होत नाही. मी सॉलिसिटरशी बोलले आहे. यापुढे तिच्या बाबतीत काहीही करायचं तर मला लेखी विचारून करायचं.

वरदा


ग्लासगो,
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

चि. वरदा आणि चि. यतीन यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

एकच पत्र दोघांना पाठवते आहे. पाठ दुखते, दोनदा लिहायला होत नाही.

मी बत्तीस वर्षं वॉर्डवर काढली. आमच्याकडे शिफ्ट बदलताना समोरची नर्स पेशंटच्या खाटेपाशी येऊन उभी राहिल्याशिवाय आम्ही हलत नसू. तुम्ही दोघं त्याच पगारावर वाढलात आणि मला मात्र जिन्यात सोडलंत. बोटीवरच्या माणसाला वाटलं मला उतरायचं आहे. त्याने हात दिला, मला वाटलं तुम्हीच उतरायचं ठरवलंत, म्हणून मी उतरले. वळते तो बोट सुटलेली. ती वाफेची बोट आवाजच करत नाही. मी हाका मारल्या, त्या बऱ्याच जणांना ऐकू गेल्या. एका जोडप्याने उलट हात हलवला, त्यांना वाटलं मी निरोप देते आहे. वरदा, तू मागे वळली नाहीस, कारण वळलीस तर यतीन दिसला असता. यतीन, तू वर आला नाहीस, कारण वर ताई होती.

दोन घरचा पाहुणा उपाशी. म्हणून मी तिसरं घर घेतलं आहे. माझी वॉर्डवरची मैत्रीण सुप्रभा क्रॉयडनला वयस्कर लोकांच्या फ्लॅट्समध्ये राहते. तिच्या शेजारचा रिकामा आहे. परवा मी सही केली. पुढच्या शनिवारी ती मला न्यायला येते आहे. सॉलिसिटरला आणि जीपीला तुम्हीच कळवा.

तुमची तिन्ही पत्रं मी दोनदोनदा वाचली. कुणी सोडलं, कुणी न्यायचं होतं, सगळं आहे त्यात. दीड तास आई तिथे कशी होती, हे एकानेही विचारलेलं नाही. मग मीच सांगते. थंडी होती. तुमच्यापैकी कुणाचाच नंबर मला आठवेना. तिकिटांच्या खिडकीतल्या बाईने नाव विचारलं तर माझं नावही पटकन आठवलं नाही. मी फार घाबरले होते रे.

क्रॉयडनला भेटायला या. पण दोघं मिळून या. एकेकट्याला मी दार उघडणार नाही.

तुमची आई,
मीनाक्षी