अकराव्या धड्यातली एक ओळ

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, खोलीला दोन खिडक्या आहेत, जेवणाचे हाल नाहीत. एवढं आईला वाचून दाखवा. पुढचं तुमच्यापुरतं.

छापखान्यात शाळेच्या इतिहासाची प्रुफं तपासतोय. सरकार बदललं, की 'आर्थिक सुधारणा' हा अकरावा धडा पुन्हा माझ्या टेबलावर येतो. मागच्या खेपेला सुधारणा एका पक्षाच्या नेत्याने धाडसाने केल्या होत्या. आता त्याच सुधारणा दुसऱ्या पक्षाच्या नेत्याने दूरदृष्टीने केल्यात. वैताग आलाय नुसता.

एका वाक्याला मात्र दोघांनीही हात लावला नाही: 'या काळात काही जुने कारखाने बंद पडले.'

त्या 'काही'मध्ये तुमचा कारखाना आहे, बाबा. परवा मी पुढे लाल पेनाने लिहिलं, 'आणि हजारो कामगार घरी बसले.' साहेब भडकले. "चुका शोध, भर घालू नकोस. एक ओळ वाढली तर सगळी पानं सरकतात!" नेत्याचा फोटो अर्ध्या पानाचा केला, तेव्हा नाही सरकली! माझ्या ओळीवर फुली बसली.

तुमचा खोकला कसा आहे? औषध संपवा, उगाच पुरवून वापरू नका.

ताईची मुलगी यंदा हेच पुस्तक वाचणार. धडे ती तुमच्यापुढे बसूनच मोठ्याने वाचते ना? ते वाक्य आलं, की तिला थांबवा. आम्हाला तुम्ही कधीच काही सांगितलं नाहीत. तिला पुढची ओळ सांगा.

तुमचा,
धाकटा