संघपालच्या कॉम्प्युटरवर चालू असलेल्या कामाबाबत

लिहून देणार मी, सिंधूताई धोंडबा खोब्रागडे, वय अंदाजे बहात्तर, शिक्षण दुसरी, पूर्वीचा धंदा विड्या वळणे, राहणार प्रताप नगरच्या मागची वस्ती, नागपूर. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही. वकिलांनी नमुन्याचा कागद दिला, त्यातले शब्द पाहून पाहून मी माझ्या हाताने लिहिते. मधे मधे माझं बोलणं शिरेल, ते रद्द समजू नये. आणि मी मजेत आहे. काल नात प्रीतीने वडाभात केला, मी दोनदा मागून घेतला.

हे मृत्युपत्र खरं म्हणजे एकाच गोष्टीसाठी आहे. माझ्या गेलेल्या मुलाचं, संघपालचं नाव एका यादीत आहे. ते तिथे राहू द्यायचं की जाऊ द्यायचं, एवढंच. पण नमुन्यात आधी घर येते, म्हणून आधी घर.

कलम १. माझे मालक धोंडबा तीस वर्षं हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर गेले, त्यातून या दोन खोल्या उभ्या राहिल्या. त्या माझ्या पश्चात सून मयुरा हिच्या पूर्ण मालकीच्या. तिचा नवरा, म्हणजे माझा संघपाल, गेल्यावर तिने मला सांभाळलं आणि माझी बडबडही ऐकली. दुसरं जास्त कठीण होतं.

कलम २. बँकेत जे असेल ते प्रीतीच्या शिक्षणाला. त्यात वाद घालण्याइतकं काही नाही.

कलम ३. कूलर, टाकीसकट, माझी नणंद शोभाताई हिला. संघपालला सिकलसेल निघाला, तेव्हा ती चारचौघींत म्हणाली, "वहिनी, तुह्याच पोटातून आली वं ही बिमारी." पुढे शिबिरात रक्त तपासलं तर माझं पिवळं कार्ड निघालं, म्हणजे बिमारी रक्तात असते पण उठत नाही, आणि तिच्या भावाचं, म्हणजे माझ्या मालकांचंही पिवळंच. दोघांकडून आल्याशिवाय पोराला बिमारीचं लाल कार्ड मिळत नाही, हे डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं. तिने बोललेलं परत घेतलं नाही, तर आता कूलर घ्यावा. तो कूलर कसा आहे ते पुढे येईल.

कलम ४. विड्यांची कैची आणि तेंदूपत्ता कापायचा पत्र्याचा साचा प्रीतीला. उपयोग काही नाही. ठेवावा.

कलम ५. कॉम्प्युटर. हा संघपालचा. हाडांचं दुखणं उठलं की तो याच्यासमोर बसून राहायचा. एकदा मी विचारलं, "हे काहून चालू असते रे दिवसभर? तू तर झोपला होता."

तो म्हणाला, "माय, औषध शोधणारे लोक मोठं गणित बारीक बारीक तुकड्यांत मोडतात अन् घरोघरच्या कॉम्प्युटरले वाटतात. आपलं मशीन रिकामं असलं की ते सोडवते अन् परत पाठवते. सिकलसेलचंच गणित आहे. पैसा भेटत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे विड्याच की! ठेकेदार पत्ता-तंबाखू घरी देते, आपण वळून नेऊन द्यायच्या."

तो पोट धरून हसला. "हो वं माय, विड्याच. चेकरसुद्धा आहे."

विड्या तपासून खराब माल छाटणारा चेकर असते, तसाच इथला : एकच काम दोन घरी देतात. दोघांचं उत्तर जुळलं तर पास, नाही तर छाट. पास करणाऱ्यांची नावं यादीत. दोन महिने एकही पास नाही झालं की नाव उतरते.

संघपाल २०२१ च्या हिवाळ्यात गेला. मशीन मी चालू ठेवलं. प्रीतीने शिकवलं, हिरवी ओळ म्हणजे काम झालं, लाल म्हणजे बिघडलं. इंग्रजी मला येत नाही, रंग येतात. उन्हाळा लागला आणि लाल ओळी सुरू झाल्या. दुरुस्तीवाला अमोल आला, म्हणाला, "मावशी, तापून राहिलं हे." त्याने झाकण काढलं, धूळ उडवली, अर्ध्या जोरावर चालवायला लावून दिलं आणि झाकण उघडंच ठेवा म्हणाला.

मग मी माझी अक्कल चालवली. तेंदूपत्ता वाळला की वळताना तडकते, म्हणून आम्ही तो ओल्या पोत्यात ठेवायचो. ओल ठेवली की माल बिघडत नाही, हे हाताला चाळीस वर्षांपासून माहीत. मी कूलर थेट त्या उघड्या पोटापुढे लावला. आठ दिवसांत लाल बंद, सगळं हिरवं! मी गल्लीभर सांगत फिरले. तीन उन्हाळे असेच लावले.

पण हिरवं म्हणजे फक्त मशीनचं काम संपलं. चेकरचं पान वेगळं होतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मागच्या वर्षी प्रीतीने उघडलं आणि म्हणाली, "आजी, हे सारे छाट आहेत वं." तीन वर्षांचं काम. मधे कुठे एखादं चुकून पास, त्यावरच नाव टिकून होतं.

अमोलने आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढल्या, प्रीतीच्या खोडरबरने घासल्या, एकेक लावून पाहिली. एक खराब निघाली, ती फेकली. तीन दिवस पास आले, मी त्याला खीर खाऊ घातली. चौथ्या दिवशी छाट. बॅटरी पाहून त्याने आतली पाटी उलटी केली, तर मागे हिरवा गंज. "मावशी, बोर्डच सडला. एवढी ओल कुठून आली?" मी कूलरकडे बोट दाखवलं. हा बोर्ड आता कुठे मिळत नाही.

छाट झालेलं काम ते तिसऱ्या घरी देतात आणि तिथे ते बरोबर होते, असं प्रीतीने सांगितलं. म्हणजे माझ्यामुळे कोणाचं नुकसान नाही. उपयोगही नाही. विड्यांची छाट निदान घरी आमचे मालक ओढायचे.

शेवटचं पास २० एप्रिलला. येत्या २० जूनला नाव उतरेल.

कलम ६. प्रीती म्हणते, "आजी, माझ्या लॅपटॉपवर बाबांच्या नावाने लावते. नाव राहील." तिचंही पिवळं कार्ड आहे. (इथे एक ओळ खोडली आहे, शेवटी पाहावे.) तर प्रीतीवर असं कोणतंही बंधन नाही. तिला लावायचं असेल तर तिने स्वतःच्या नावाने लावावं. नाही लावलं तरी माझी हरकत नाही. औषध माझ्या डोळ्यांदेखत येत नाही, बहुतेक तिच्याही नाही. तिने लग्नाआधी नवऱ्या मुलाचं कार्ड पाहावं, हे मात्र बंधन समजावं.

मी गेल्यावर कॉम्प्युटर भंगारात द्यावा. पण त्यावर एखादं काम चालू असेल तर सरळ बटण दाबून बंद करू नये, आधी ते काम परत करावं. दुसऱ्या घरचा माणूस आपल्या उत्तरासाठी अडकून बसतो. आमच्यामुळे कोणी वाट पाहत राहू नये.

कलम ७. अमोलला काही नाही. ज्याला मिळते तो साक्षीदार चालत नाही, असं वकील म्हणाले, आणि मला साक्षीदार पाहिजे होता. त्याचा स्क्रू काढायचा पेचकस आमच्याकडे राहिला आहे, तो त्याचाच, घेऊन जावा.

वरचं सगळं मी लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही करते. जय भीम.

सही : सिंधूताई धोंडबा खोब्रागडे

साक्षीदार :
१. अमोल भोयर, कॉम्प्युटर दुरुस्ती
२. कांताबाई रामटेके, शेजारीण

नागपूर, दि. ९ जून २०२५

खाडाखोड एक : कलम ६ मध्ये खोडलेली ओळ अशी होती, "संघपालचं नाव काही झालं तरी यादीतून जाऊ देऊ नये." ही ओळ मी समजून-उमजून, माझ्याच हाताने खोडली आहे.

सही : सिंधूताई धों. खोब्रागडे