वाघोबापाशी थांबलेली गाडी

भिसेगाव, कर्जत
१४ मार्च १९४४

प्रिय वाल्मिक,

तीन वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम हा पसारा, तेव्हा कुणी गेलं की काय म्हणून घाबरू नकोस. गेलाय तो आमच्या बोलपटातला पाठलाग, आणि त्यातही अजून धुगधुगी आहे. येत्या सोमवारपर्यंत तो नीट जोडून दाखवला नाही तर कंपनीचे शेठजी तो उचलून फेकणार. मग माझ्या कथेत उरेल नायिकेचं रडणं आणि नायकाचे केस.

आमच्या दिग्दर्शकांची पाठलागावर एकच श्रद्धा: पळवा. गाडी पळवा, घोडे पळवा, कॅमेरा लॉरीवर बांधून तोही पळवा. एवढ्यानं भागेना म्हणून यंत्र मुद्दाम हळू चालवलं, म्हणजे पडद्यावर माणसं भरभर धावतात. धावतात खरी, वारुळात पाणी ओतल्यावर मुंग्या धावतात तशी! वर ताशा. भीती वाटत नसेल तर आणखी एक ताशा. मी म्हटलं, अहो, सगळंच पळत असलं तर कोण किती जवळ आलं हे बघणाऱ्याला कळणार कसं? तर म्हणाले, "आबाजी, तुम्ही संवाद लिहा."

जागा धरली कडावच्या रस्त्यावर. भाताची खाचरं कोरडी पडलेली, राबासाठी पालापाचोळा भाजल्याचा धूर, धुळीला तर तोटाच नाही. गाडीत लपलेली नायिका, मागे खलनायकाचे दोन घोडेस्वार. गाडी हाकायला गावातलाच गोमा घेतला, कारण आमचा नट बैलांना 'प्लीज' म्हणत होता. वाटेत आंब्याखाली शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड आहे. गाडी भरधाव तिथवर आली आणि थांबली. गोमा खाली उतरला, एक डहाळी मोडली, दगडाला वाहिली, हात जोडले, परत गाडीवर चढला. दिग्दर्शक लॉरीवरून ओरडले, "अरे, मारेकरी लागलेत ना तुझ्यामागं!" गोमा शांतपणे म्हणाला, "म्हणून तं थांबलो, सायेब. अशा येळंला द्येवाला डावलून जानारा वाचंल का?" यावर उत्तर असेल तर मला कळव.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच, कारण गाडीत बाईमाणूस होतं आणि बाईमाणूस घेऊन कोणी वाघोबावरून तसाच जात नाही म्हणे. चौथ्या खेपेला आम्ही गोमाकडून सकाळीच नारळ फोडून घेतला. त्याच्या बायकोनं, हिरूनं, स्वतः देवाला सांगितलं, "बाबा, आज गाडी थांबनार नाय, रागावू नको, ही मुंबईची मान्सं येडी हायत." गोमानं शब्द पाळला, चाबूक उगारून बसला. पण बैल थांबले! जन्मभराची सवय त्यांची, त्यांना नारळाचं कोणी सांगितलंच नव्हतं. गोमा उलट आमच्यावरच फणकारला, "त्यांस्नी कळतं, तुमास्नी नाय." आणि तेवढ्यात आमची कच्ची फिल्म संपली. लढाईच्या दिवसांत सरकार ती मोजून देतं, आणखी मागितली तर अर्जच पाठवत बसायचं. आता जे आहे ते हेच.

परवा मुंबईला जाऊन ती रिळं पाहिली. वाल्मिक, तो चौथा तुकडा! बैल थांबतात, गोमा चाबूक तसाच उगारून बसलेला, मागे वळणावर धूळ उठते आणि मोठी होत जाते. नायिकेनं गाडीचा पडदा बाजूला केला, आणि तिच्या तोंडावरची भीती शिकवलेली नव्हती, कारण घोडे खरंच आवरत नव्हते. रिळं मुकीच, पण मला आवाजही ऐकू येऊ लागले: बैलांच्या घुंगरांची धाव एकदम बंद, नंतर नुसतं झाडावरचं पाखरू, आणि लांबून टापा. ताशा नको, काही नको. खोलीत यंत्र चालवणारा पान चघळायचा थांबला होता. आणि दिवे लागल्यावर दिग्दर्शक म्हणाले, "थांबलेलं सगळं कापा, पळण्याला पळणं जोडा." जोडून पाहिलं. गाडी आंब्याच्या अलीकडे, पुढच्या क्षणी टेकडीखाली, पिसवेसारखी. शेठजी पोट धरून हसले, आणि मग सोमवारची मुदत दिली.

खालापूर इथून हाकेवर आहे. तुझ्या फोटोच्या दुकानात येऊन हे तोंडी सांगता आलं असतं. आलो नाही, कारण तोंड नाही. तीन वर्षांपूर्वी तुझ्या बोलपटातल्या पाठलागात तू बंद दारावर कॅमेरा रोखून धरलास, बाहेर फक्त पावलं ऐकवलीस, आणि एका साप्ताहिकात कोणीतरी टोपणनावानं लिहिलं की हा पाठलाग बघायला उशी घेऊन जावं. तो लेख तुझ्या मालकानं सर्वांसमोर वाचला आणि तुला घरी बसवलं. तू इतरांवर संशय घेत राहिलास. मी तुझ्याच ओटीवर बसून, जयवंतावहिनींच्या हातचं थालीपीठ खात, त्या लेखकाला शिव्या घातल्या. तो लेखक मी. विनोद सुचला म्हणून लिहिलं; दारामागे काय चाललं होतं ते मला कळलंच नव्हतं. ते त्या चौथ्या तुकड्यानं कळवलं, आणि तो तुकडा कापायचा कुठे हे माझ्या ओळखीत एकट्या तुला कळतं. शेठजींना तुझं नाव सांगितलंय, तो लेख कोणाचा हेही सांगितलंय. ये. माझ्याशी बोलू नकोस, थेट कात्री हातात घे.

तुझाच, तू म्हणशील तरच,
आबाजी